बिल्ल्यामागची मंडळी

१९३७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरातल्या मुलींच्या एका कॉलेजला फाय बीटा कॅपा या संस्थेची शाखा मंजूर झाली. कॉलेजचे नाव सेंट कॅथरिन. ते चालवत होत्या सेंट जोसेफ संघाच्या सिस्टर. फाय बीटा कॅपा ही अमेरिकेतली सर्वांत जुनी आणि सर्वांत मानाची ऑनर सोसायटी, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांचे मंडळ. स्थापना १७७६ची, त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षातली. तेव्हापासूनच्या एकशे एकसष्ट वर्षांत एकाही कॅथलिक संस्थेला तिच्या दारातून आत जाता आले नव्हते. जॉर्जटाऊन, फोर्डम, नोत्र दाम ही नावाजलेली पुरुषांची विद्यापीठे बाहेरच उभी होती. आत पहिले पाऊल पडले ते सिस्टरांच्या विद्यार्थिनींचे.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा सुरुवात कुठून करायची याचा मला फार विचार करावा लागला नाही. कॅथलिक विद्यापीठांतली अभ्यासमंडळे, वादसभा आणि ऑनर सोसायट्या यांच्याविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्यातले बरेचसे सेंट कॅथरिनच्या या हकिगतीत एकवटले आहे. मान कोणाला मिळतो, कशाबद्दल मिळतो, तो मिळण्याआधी किती वर्षे कोण राबलेले असते, आणि मान मिळाल्यावर पुढे काय करायचे असते, हे चारही प्रश्न तिथे एकदम समोर येतात.

त्या कॉलेजच्या प्रमुख होत्या सिस्टर अँटोनिया मॅक्ह्यू. १९१४ ते १९३७ अशी तेवीस वर्षे त्यांनी कॉलेज सांभाळले. त्यांनी स्वतः शिकागो विद्यापीठातून पदवी आणि एम. ए. मिळवली होती. चांगले कॉलेज उभे करायचे तर आधी शिकवणाऱ्या तयार झाल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या सिस्टरांना एकेक करून शिकागोला, कोलंबियाला, युरोपातल्या विद्यापीठांत शिकायला पाठवले. मठाच्या शिस्तीत राहणाऱ्या स्त्रियांना दूरच्या, बिगरकॅथलिक विद्यापीठात वर्षानुवर्षे ठेवणे त्या काळात सोपे नव्हते. त्यासाठी वरिष्ठांची मने वळवावी लागत, पैसा उभा करावा लागे, आणि तोवर मागे राहिलेल्यांना दुप्पट तास घ्यावे लागत. कॉलेजसाठी त्यांनी रॉकफेलर यांच्या शिक्षणनिधीकडून अनुदान मिळवले. फाय बीटा कॅपा शाखा देते ती कॉलेजची पारख करून. प्राध्यापकांची तयारी कशी आहे, ग्रंथालय केवढे आहे, विचारस्वातंत्र्य आहे की नाही, हे सगळे तपासून मगच शाखा मिळते. म्हणून मुलींच्या गळ्यात जो मान पडला, त्याच्या मागे वीसपंचवीस वर्षांची ही सिस्टरांची मेहनत होती. ऑनर सोसायटीविषयी बोलताना आपण बहुधा विद्यार्थ्याच्या गुणांपाशीच थांबतो. तिथे थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

पण मग कॅथलिक विद्यापीठे इतकी वर्षे बाहेर का राहिली? याला दोन्ही बाजूंनी कारणे होती. फाय बीटा कॅपा सुरुवातीला गुप्त मंडळ होते. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी ते काढले तेव्हा शपथ, खुणेचे हस्तांदोलन, ग्रीक अक्षरांत लपवलेले बोधवाक्य असा सगळा थाट होता. आत मात्र निबंधवाचन आणि वादविवाद चालत, ते मूळचे अभ्यासमंडळच. १८३१ साली त्यांनी गुप्तता सोडून दिली. तरीही ग्रीक अक्षरांची नावे आणि शपथा म्हटले की कॅथलिक धर्मगुरूंच्या मनात शंका येई. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ साली फ्रीमेसन या गुप्त मंडळात सामील व्हायला कॅथलिकांना बंदी केली होती आणि पुढच्या पोपांनी ती पुन्हा पुन्हा बजावली होती. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट विद्याविश्वाला कॅथलिक कॉलेजे मागासलेली वाटत. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची कॉलेजे शाळा आणि महाविद्यालय एकत्र धरून सात वर्षांचा अभ्यासक्रम चालवत. त्यात लॅटिन, ग्रीक आणि तत्त्वज्ञान मुख्य. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८९९ मध्ये या अभ्यासक्रमावर जाहीर टीका केली. त्याच सुमाराला बॉस्टन कॉलेज आणि होली क्रॉस या जेझुइट कॉलेजांच्या पदवीधरांना हार्वर्डच्या कायदा शाखेत थेट प्रवेश मिळेनासा झाला. तो घाव फार दिवस भरला नाही. आपल्या मुलांची गुणवत्ता दुसरे मान्य करत नसतील तर ती आपणच ओळखू, ही भावना त्यानंतरच्या पिढीत बळावली. पुढे कॅथलिक संस्थांनी स्वतःच्या ऑनर सोसायट्या काढल्या, त्यामागे ही भावना होती.

त्या सोसायट्यांकडे वळण्याआधी थोडे मागे गेले पाहिजे, कारण विद्यार्थ्यांच्या मंडळांची परंपरा कॅथलिक शिक्षणात अमेरिकेच्या कितीतरी आधीची आहे. जेझुइट संघाने १५९९ साली ‘रेशिओ स्टुडिओरम’ या नावाने आपल्या सर्व शाळा-कॉलेजांसाठी एक नियमावली पक्की केली. तिच्यात ‘अकादमी’ नावाच्या मंडळांसाठी वेगळे नियम आहेत. अकादमी म्हणजे वर्गातल्या शिकवण्यापलीकडे जाऊन अभ्यास करू इच्छिणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांचा गट. देखरेखीला एक फादर असे, पण अध्यक्ष आणि चिटणीस विद्यार्थ्यांमधलेच. ते निवडून येत आणि काही महिन्यांनी बदलत. धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांची अकादमी वेगळी, साहित्याच्या विद्यार्थ्यांची वेगळी, व्याकरण शिकणाऱ्या लहान मुलांचीसुद्धा वेगळी. तिथे धड्याची उजळणी होई, एखादा विद्यार्थी स्वतः छोटे व्याख्यान देई, एक जण प्रमेय मांडी आणि दुसरे त्याच्यावर आक्षेप घेत. आत यायला हुशारी लागे, तशी चांगली वर्तणूकही लागे. अभ्यास आणि आचरण एकाच वेळी पाहण्याची ही पद्धत पुढे तीनशे वर्षांनी अमेरिकेत पुन्हा भेटते.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही आहे, आणि तो बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक नसतो. १५५६ साली गोव्यात, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला. भारतातला हा पहिला छापखाना. त्यावर पहिल्यांदा काय छापले गेले असेल? प्रार्थनेचे पुस्तक छापले असेल असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिल्याने छापली गेली ती कॉलेजातल्या जाहीर वादसभेसाठी काढलेली तत्त्वज्ञानाची प्रमेये. वादात जी विधाने मांडली आणि खोडली जायची होती, ती आधी सर्वांच्या हाती असावीत म्हणून ती छापली. त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. त्या काळच्या पत्रांतल्या उल्लेखांमुळे आपल्याला हे कळते. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणकलेचा इतिहास लिहिताना या घटनेची नोंद घेतलेली आहे. या भूमीवर छपाईची शाई पहिल्यांदा कागदाला लागली ती वादसभेच्या कामासाठी, हे वाचले की मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

अमेरिकेतली सर्वांत जुनी कॅथलिक वादसभा जॉर्जटाऊनची. फिलोडेमिक सोसायटी हे तिचे नाव, १८३० साली फादर जेम्स रायडर यांनी ती सुरू केली. ती आजही चालू आहे. हीली हॉल या इमारतीत तिचे स्वतःचे दालन आहे. तिचे बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा आशय असा, की वक्तृत्व स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी वाहिलेले असावे.

हे बोधवाक्य वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही. सोसायटी स्थापन होऊन आठच वर्षे झाली होती, तेव्हा १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरच्या २७२ गुलामांना लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकले. पुरुष, बायका, मुले, सगळी. व्यवहार १,१५,००० डॉलरचा ठरला आणि त्यातला काही भाग जॉर्जटाऊनचे कर्ज फेडायला गेला. ज्या आवारात दर आठवड्याला स्वातंत्र्यावर भाषणे होत होती, ते आवार टिकले ते या पैशावर. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात हा भाग सविस्तर आला आहे. तो गाळला असता तर प्रकरण सोपे झाले असते आणि खोटे झाले असते. विद्यार्थ्यांनी हा विषय मिटू दिला नाही, हेही त्याच प्रकरणात आहे. ज्या फादर मलेडींनी ती विक्री केली त्यांचे नाव एका इमारतीला होते. ते काढून २०१७ मध्ये त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या यादीत पहिले नाव त्यांचे होते. २०१९च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेतले आणि विकल्या गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांसाठी दर सत्राला प्रत्येकी २७ डॉलर २० सेंट देण्याची तयारी मोठ्या बहुमताने दाखवली. तो आकडा २७२ माणसांच्या आठवणीसाठी ठरवला होता. वादसभेच्या बोधवाक्याला जागणे म्हणतात ते हे. ते काम सभागृहाबाहेर झाले आणि फिलोडेमिकचे सदस्य नसलेल्यांनीही केले, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

मंडळ कशासाठी असते याचा सर्वांत स्पष्ट विचार मला जॉन हेन्री न्यूमन यांच्याकडे सापडतो. १८५४ साली डब्लिनमध्ये आयर्लंडचे कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख होते. विद्यापीठाविषयीच्या व्याख्यानांत त्यांनी एक धाडसी मत मांडले आहे. त्यांचे म्हणणे असे, की एक विद्यापीठ नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या देत असेल आणि दुसरे कसलीही परीक्षा न घेता तरुणांना तीनचार वर्षे एकत्र राहू देत असेल, तर माणसे घडवण्यात दुसरे सरस ठरेल. हुशार, जिज्ञासू मुले एकत्र आली की शिकवणारा कोणी नसतानाही एकमेकांकडून शिकतात. हे मत नुसते मांडून ते थांबले नाहीत. विद्यापीठ सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी तिथे लिटररी अँड हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली. ती आजच्या युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये अजून चालते आणि तिच्या विद्यार्थी-अध्यक्षाला आजही ‘ऑडिटर’ म्हणतात.

या सोसायटीतली एक सभा जवळून पाहण्यासारखी आहे. साल १९००, महिना जानेवारी. कॉलेज तेव्हा जेझुइटांच्या ताब्यात. अठरावे पूर्ण व्हायला दोनेक आठवडे कमी असलेला एक विद्यार्थी नाटक आणि जीवन यांवर निबंध वाचणार होता. निबंध आधी अध्यक्ष फादर विल्यम डेलनी यांच्याकडे गेला. त्यांनी तो वाचला आणि आक्षेप घेतला. नाटकाकडून नीतीचा उपदेश मिळावा ही अपेक्षाच निबंधात मोडीत काढली होती आणि नाटककार इब्सेनला डोक्यावर घेतले होते. विद्यार्थी त्यांच्याकडे गेला, आपली बाजू मांडली, हटला नाही. अखेर परवानगी मिळाली. सभेत निबंध वाचला गेला, श्रोत्यांनी एकामागून एक उठून त्यावर टीका केली आणि शेवटी त्याने सगळ्यांना उत्तर दिले. त्या विद्यार्थ्याचे नाव जेम्स जॉइस, पुढचा विख्यात कादंबरीकार.

पुढच्या वर्षी मात्र गोष्ट अशी निभावली नाही. कॉलेजच्या मासिकाने जॉइसचा एक लेख नाकारला. त्याच वेळी फ्रान्सिस स्केफिंग्टन या दुसऱ्या विद्यार्थ्याचा, विद्यापीठात स्त्रियांना समान स्थान असावे असे सांगणारा लेखही नाकारला. दोघांची मते एकमेकांशी जुळत नव्हती. तरी त्यांनी पदरचे पैसे घालून दोन्ही लेख एकाच पुस्तिकेत छापले आणि वाटले. स्केफिंग्टन पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि युद्धाविरुद्ध आयुष्यभर झगडले. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात, शस्त्र हाती न घेता लुटालूट थांबवायला बाहेर पडलेले असताना, एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून त्यांना चौकशीशिवाय गोळ्या घातल्या गेल्या. कॅथलिक विद्यापीठातल्या मंडळांची खरी कसोटी लागते ती अशा ठिकाणी. देखरेख करणारे फादर आणि बोलू पाहणारा विद्यार्थी यांच्यात ताण असणारच. फादर डेलनी यांनी निबंध नापसंत असूनही अखेर वाचू दिला, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. मासिकाच्या सल्लागारांनी तसे केले नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

आता अमेरिकेकडे परत. १९१५ साली मिलवॉकी शहरातल्या मार्केट विद्यापीठात फादर जॉन डॅनिही यांनी जेझुइट विद्यापीठांसाठी एक ऑनर सोसायटी सुरू केली. डॅनिही तिथल्या पत्रकारिता विभागाचे प्रमुख. या सोसायटीचे आजचे नाव अल्फा सिग्मा न्यू. १९२०च्या दशकात क्रेटन, सेंट लुईस, डेट्रॉइट या विद्यापीठांत तिच्या शाखा निघाल्या आणि पुढे ती देशभरच्या जेझुइट संस्थांत पसरली. दक्षिण कोरियातल्या सोगांग विद्यापीठातही तिची शाखा आहे.

तिची निवड कशी होते ते जरा तपशिलाने सांगतो, कारण इतर सोसायट्यांपेक्षा ती कुठे वेगळी आहे हे त्यातूनच कळते. आधी विद्यापीठाच्या दप्तरातून गुणांची यादी काढली जाते. पहिल्या पंधरा टक्क्यांत असलेल्यांनाच अर्ज करता येतो. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी असेच असते. इथून पुढे मात्र गुणांना वाव नाही. अर्जात विद्यार्थ्याने लिहायचे असते, की आपण कोणाची काय सेवा केली, जेझुइट शिक्षणाच्या ध्येयांशी आपले नाते काय आहे, आणि शिकलेल्याचा आपण कसा उपयोग करणार. शाखेचे सध्याचे सदस्य, म्हणजे विद्यार्थीच, हे अर्ज वाचतात आणि नावे सुचवतात. शेवटची मान्यता विद्यापीठाकडून येते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण चार टक्क्यांच्याच वाट्याला हे सदस्यत्व येते. विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा असे तिचे तीन निकष. विद्यार्थी कॅथलिक असलाच पाहिजे अशी अट नाही. हिंदू, मुसलमान, ज्यू, कोणताच धर्म न मानणारा, कोणीही येऊ शकतो. पंधरा टक्क्यांतून चार टक्क्यांवर येताना जी चाळणी लागते ती माणूसपणाची आहे. ही चाळणी नेहमी अचूक चालते असा माझा दावा नाही. अर्ज छान लिहिणारा आणि खरोखर राबणारा यांत फरक ओळखणे अवघडच. तरी हा प्रश्न विचारला जातो, आणि तो विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलेला असतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

अल्फा सिग्मा न्यूची एक बाजू मात्र खुपते. ती अनेक दशके फक्त पुरुषांची होती. मार्केटने १९०९ पासून मुलींना वर्गात घेतले होते. कॅथलिक विद्यापीठांत असे करण्यात ते सर्वांच्या पुढे होते. पण वर्गात पहिली येणारी मुलगी त्याच विद्यापीठाच्या ऑनर सोसायटीत येऊ शकत नव्हती. तेव्हा १९२५ साली मेबल मॅनिक्स मॅकेलिगट यांनी मार्केटमध्येच विद्यार्थिनींसाठी गॅमा पाय एप्सिलॉन नावाची वेगळी सोसायटी काढली. त्या पुढे तिथे विद्यार्थिनींच्या डीन झाल्या. निकष तेच, दर्जा तोच. ही सोसायटीही इतर जेझुइट विद्यापीठांत पोचली. १९७३ साली दोन्ही एक झाल्या आणि नाव उरले पुरुषांच्या सोसायटीचे. एकत्र येताना ज्यांनी आपले नाव सोडले त्यांची आठवण ठेवली पाहिजे, म्हणून या पुस्तकात गॅमा पाय एप्सिलॉनला स्वतंत्र प्रकरण आहे. हे संपादकांनी फार चांगले केले.

जेझुइटांखेरीज इतर संघांची कॉलेजे अमेरिकेत पुष्कळ आहेत. बेनेडिक्टाइन, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि सिस्टरांच्या कितीतरी संघांची. त्यांच्यासाठी १९३९ साली डेल्टा एप्सिलॉन सिग्मा ही सर्व कॅथलिक संस्थांना खुली असलेली सोसायटी उभी राहिली. आयोवातल्या ड्युब्यूक शहरातले फादर फिट्झगेराल्ड यांचा तिच्यामागे पुढाकार होता. सेंट कॅथरिनला फाय बीटा कॅपा मिळून दोनच वर्षे झाली होती. एका कॉलेजला दार उघडले तरी बाकीची कॉलेजे बाहेरच होती.

त्यांतली काही पुढे आत आली, यात एका लेखाचा मोठा हात आहे. कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेत इतिहास शिकवणारे फादर जॉन ट्रेसी एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकन कॅथलिकांच्या बौद्धिक जीवनावर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. इतकी कॉलेजे, इतके विद्यार्थी, इतका पैसा असूनही आपल्यातून विद्वान का निघत नाहीत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. दुसऱ्यांच्या आकसाकडे बोट दाखवणे त्यांनी पुरेसे मानले नाही. आपल्याच आळसाची, वाचनाच्या दुष्काळाची आणि स्वतःभोवती बांधलेल्या कुंपणाची त्यांनी झडती घेतली. या लेखाने खळबळ उडाली. पुढच्या दहापंधरा वर्षांत कॅथलिक विद्यापीठांनी संशोधनावर खर्च वाढवला, बिगरकॅथलिक प्राध्यापक नेमले, कारभारात बाहेरच्या जाणकारांना घेतले. १९६७ साली विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्स या ठिकाणी नोत्र दामचे अध्यक्ष फादर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने जमलेल्या मंडळींनी कॅथलिक विद्यापीठाला खरी स्वायत्तता आणि विचारस्वातंत्र्य हवे असे जाहीर केले. त्याच दशकात फोर्डम, जॉर्जटाऊन आणि नोत्र दाम यांना फाय बीटा कॅपाच्या शाखा मिळाल्या. त्यात एलिस यांच्या लेखानंतर झालेल्या कामाचा मोठा वाटा होता. स्वतःचे दोष जाहीरपणे सांगणाऱ्या एका इतिहासकार धर्मगुरूचे हे ऋण आहे.

विषयवार सोसायट्यांचा पसारा मोठा आहे. त्याची जंत्री इथे देत नाही. इतिहासाची फाय अल्फा थीटा, मानसशास्त्राची साय काय, नर्सिंगची सिग्मा थीटा टाऊ, व्यवस्थापनाची बीटा गॅमा सिग्मा, अशा प्रत्येक विषयाची एक सोसायटी असते. कॅथलिक विद्यापीठात यांच्या शाखा असतात तशाच इतर विद्यापीठांतही असतात. एकीचा मात्र उल्लेख हवा. धर्मशास्त्र आणि धर्माभ्यास यांच्या विद्यार्थ्यांसाठीची थीटा अल्फा कॅपा ही सोसायटी १९७६ साली न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन कॉलेजात, म्हणजे कॅथलिक ब्रदरांच्या संस्थेत जन्मली. आज ती कॅथलिक नसलेल्या कितीतरी विद्यापीठांत आहे. जे फार काळ बाहेरून दार ठोठावत होते, त्यांनी काढलेल्या मंडळात आता सगळे येतात.

आपल्याकडून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या वाट्याला कॅथलिक विद्यापीठ येते. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात एके दिवशी निवड झाल्याचे पत्र येते, खाली सदस्यत्वाची फी लिहिलेली असते, आणि पुण्या-नाशिकातल्या आईवडिलांना फोन जातो की हे खरे आहे का. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. नावात ग्रीक अक्षरे आहेत एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा सुळसुळाट पूर्वीही होता, आणि खऱ्या सोसायट्यांचे निकष एकसारखे राहावेत म्हणूनच १९२५ साली त्यांची एक महासंस्था स्थापन झाली. तेव्हा पत्र पाठवणाऱ्या सोसायटीची शाखा आपल्या विद्यापीठात खरोखर आहे का, तिचा सल्लागार प्राध्यापक कोण, ती वर्षभरात काय करते, हे विभागात जाऊन विचारावे. दुसरे असे, की शाखा खरी असली तरी फी भरून, दीक्षान्त समारंभात गळ्यात रंगीत दोर घालून गप्प बसू नये. तिच्या बैठकींना जावे. नवख्या देशात शिकवणीचे वर्ग घेणे, शेजारच्या गरीब वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणे, निबंध वाचून त्यावर टीका ऐकून घेणे, यातून जी माणसे जोडली जातात ती पुढे आयुष्यभर साथ देतात.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वाढलेल्यांना हे सगळे अनोळखी वाटणार नाही. १८६९ साली जेझुइटांनी काढलेल्या त्या कॉलेजात ग्रीक अक्षरांची सोसायटी नसली तरी अकादमीचा वारसा आहेच. फादर हेरास यांनी १९२६ साली तिथे भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था काढली आणि विद्यार्थ्यांना मूळ कागदपत्रे, नाणी, मूर्ती हाताळायला लावल्या. १९७३ पासूनचा इंडियन म्युझिक ग्रुप शास्त्रीय संगीताच्या बैठकी भरवत आला, आणि त्यांची सगळी व्यवस्था विद्यार्थ्यांच्या हाती. मराठी वाङ्मय मंडळही तिथे आहे. एका स्पॅनिश फादराने मराठी-गुजराती मुलांना त्यांच्याच देशाच्या इतिहासाच्या साधनांपाशी नेऊन बसवावे, हे १५९९च्या नियमावलीतल्या अकादमीचेच काम होते. इतक्या दूर, इतक्या वर्षांनी.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने आहे, पण ते तसेच वाचले पाहिजे असे नाही. शिकायला निघालेल्यांनी शेवटची दोन प्रकरणे आधी वाचावीत, त्यांत आजच्या शाखांचे कामकाज, अर्ज आणि निवड यांची माहिती आहे. प्राध्यापकांनी आणि आपल्या कॉलेजात एखादे अभ्यासमंडळ चालवणाऱ्यांनी अकादमीच्या नियमांवरचे पहिले प्रकरण सावकाश वाचावे. चिटणीसाने काय लिहून ठेवायचे, वादाचे विषय किती दिवस आधी कळवायचे, सल्लागाराने कधी बोलायचे आणि कधी गप्प राहायचे, हे त्यात कामापुरते सगळे आहे. आणि ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी निदान सेंट कॅथरिनवरचे प्रकरण वाचावे. सिस्टर अँटोनियांनी कोणत्या सिस्टरला कोणत्या विषयासाठी कुठे पाठवले, याचा त्यात माग काढला आहे.